निळा घोडा आणि सोन्याचे वासरू : अभिव्यक्तिवादी चित्रांतील रंग आणि भावना

घोडा कधी निळा असतो काय? फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराच्या चित्रापुढे उभा राहिलेला साधा माणूस हा प्रश्न विचारतो आणि शेजारच्या जाणकाराला हसू येते. परंतु प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. अभिव्यक्तिवाद म्हणून जी चित्रकला या शतकातील नव्हे, तर गेल्या शतकातील पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत जर्मनीत बहरली, तिचे सारे वर्म या एका प्रश्नात आहे. त्याचे नीट उत्तर देता आले, तर पुढचा आणखी कठीण प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला येतो. तो प्रश्न असा : रंगांतून जी भावना आपल्यापर्यंत येते, तिच्यावर विश्वास किती ठेवावा?

प्रथम घोड्याचे पाहू. आपल्या बेने इस्राएल घरांतून एलियाहू हन्नाबीचे चित्र भिंतीवर असते. अग्निरथ आकाशात चढत आहे असे ते चित्र. त्यात ज्वाळा तांबड्या-पिवळ्या असतात, कारण आग तशी असते, आणि आकाश निळे असते, कारण आकाश तसे दिसते. चित्रकाराने इथे वस्तूला विचारले आहे, ‘बाई, तुझा रंग कोणता?’ आणि तो इमानाने लावला आहे. अभिव्यक्तिवादी चित्रकार वस्तूला हे विचारत नाही. तो स्वतःला विचारतो, ‘ही वस्तू पाहताना माझ्या मनाचे काय झाले?’ जे झाले त्याचा रंग तो कॅनव्हासवर ठेवतो.

हे एका दिवसात घडले नाही. फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवाद्यांनी आधीच झाडाची सावली जांभळी रंगविली होती. पण त्यांचा साक्षीदार डोळाच होता. दुपारच्या उन्हात सावली खरोखरच जांभळट दिसते, असे त्यांचे म्हणणे. डोळ्याची साक्ष बाजूला सारून मनाची साक्ष काढली ती व्हिन्सेंट व्हॅन गॉगने. १८८८ साली आर्ल गावात त्याने रात्रभर उघड्या राहणाऱ्या एका कॅफेचे चित्र काढले. भिंती रक्तासारख्या लाल, छत हिरवे, मधोमध हिरव्या कापडाचे बिलियर्डचे टेबल, वर पिवळे जर्द दिवे. भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की माणसाच्या भयंकर वासना आपल्याला तांबड्या आणि हिरव्या रंगांतून दाखवायच्या होत्या.

यात जादू काही नाही. तांबडा आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग आहेत. ते जवळजवळ ठेवले की एकमेकांना अधिक धारदार करतात. डोळा एकावर स्थिरावू पाहतो तो दुसरा त्याला ओढून नेतो. त्या कॅफेत बसलेल्या माणसाला जी बेचैनी वाटत असेल, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यालाच प्रत्यक्ष होते. एडवर्ड मुंकच्या १८९३ च्या ‘किंकाळी’ या प्रसिद्ध चित्रातही असेच आहे. तांबडे-नारिंगी आकाश आणि त्याखालचे काळपट निळे पाणी यांची जुंपलेली आहे. किंकाळी फोडणारा तो चेहरा झाकून पाहिला तरी चित्र ओरडतच राहते.

७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेन शहरात वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी, किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल यांनी, एक मंडळ काढले व त्याला ‘ब्रुके’ म्हणजे ‘पूल’ असे नाव दिले. त्यांना शाळेतील गुळगुळीत चित्रकलेचा कंटाळा आला होता. किर्शनरने १९१३ च्या सुमारास बर्लिनचे रस्ते रंगविले ते पाहण्यासारखे आहेत. गुलाबी रस्ता, अणकुचीदार टोप्या घातलेल्या बायका, मुखवट्यांसारखे हिरवट-पिवळट चेहरे. गर्दी खेटून उभी आहे, पण कोणी कोणाकडे पाहत नाही. मोठ्या शहरात नव्याने आलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा गट म्युनिकचा, ‘निळा घोडेस्वार’ या नावाचा. कांडिन्स्की आणि आपला फ्रान्झ मार्क यांनी तो १९११ मध्ये उभा केला. मार्कने रंगांचा एक कोशच बनविला होता. १९१० साली आपल्या चित्रकार मित्राला, ऑगस्ट माके याला, त्याने लिहिले की निळा हा पुरुषतत्त्वाचा, आध्यात्मिक रंग. पिवळा हा स्त्रीतत्त्वाचा, सौम्य आणि आनंदी. तांबडा हा जड वस्तुमात्राचा. माझ्या मते हा कोश बाजूला ठेवला तरी चालेल. मार्कचे १९११ चे ‘मोठे निळे घोडे’ पाहा. तीन घोडे माना वळवून उभे आहेत. त्यांच्या मानांची जी वळणे, तीच मागच्या टेकड्यांची. घोडे निळे, टेकड्या तांबड्या. त्या तांबड्याच्या तापावर निळा रंग पाण्याच्या पट्टीसारखा बसतो आणि पाहणाऱ्याचे मन निवते. तेव्हा आपल्या साध्या माणसाला उत्तर द्यावे ते असे : बाबा रे, घोडा निळा नाही, त्या जनावराजवळ उभे राहिल्यावर जो शांतपणा वाटतो तो निळा आहे. तांबड्या टेकड्या काढून टाकल्या तर तोही तितका निळा राहणार नाही.

इथवर सर्व ठीक. आता कठीण प्रश्न.

या चित्रकारांची स्तुती करताना एक वाक्य नेहमी वापरले जाते : ‘चित्रकाराने आपली खरी भावना ओतली आहे.’ जणू भावना खरी आणि जोरकस असली म्हणजे काम झाले. हे वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी एमिल नोल्डे या चित्रकाराकडे वळले पाहिजे. रंगांच्या बळावर पाहिले तर या सर्वांत तो बहुधा सर्वात मोठा. त्याच्या रंगांची वादळे पाहूनच १९०६ साली ‘ब्रुके’च्या तरुणांनी त्याला आपल्यात बोलाविले. सुमारे दीड वर्ष तो त्यांच्यात राहिला. १९०९ पासून त्याने धर्मग्रंथांतील प्रसंग रंगविण्यास सुरुवात केली. मेणबत्त्या आतून पेटाव्यात तसे त्यातील चेहरे पेटलेले आहेत.

१९१० मध्ये त्याचे एक चित्र बर्लिनच्या ‘सेसेशन’ या कलावंतसंस्थेने प्रदर्शनासाठी नाकारले. संस्थेचे अध्यक्ष होते माक्स लीबरमन, जर्मनीतील थोर यहुदी चित्रकार. नोल्डेने त्यांच्यावर जाहीर पत्र लिहून जोरदार हल्ला केला आणि त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. हा घाव त्याने आयुष्यभर जपला. आपल्या कलेच्या वाटेत यहुदी चित्रकार आणि यहुदी व्यापारी आडवे आले, अशी कथा तो स्वतःला आणि जगाला सांगत राहिला. १९३४ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याने यहुदीविरोधी मजकूर छापला. त्याच वर्षी तो नाझी पक्षात गेला. त्याच्या आधी, १९३३ मध्ये, जुना सहकारी माक्स पेखश्टाइन हा यहुदी असल्याची चुगली त्याने सरकारी अधिकाऱ्यापाशी केली. पेखश्टाइन यहुदी नव्हता. असता, तर त्या चुगलीचे मोल त्याला काय पडले असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आणि तरी सरकारने काय केले पाहा. १९३७ साली जर्मनीतील सरकारी संग्रहालयांतून हजारो आधुनिक चित्रे जप्त झाली. त्यांत एकट्या नोल्डेची १,०५२ होती, कोणाही एका चित्रकारापेक्षा अधिक. १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचे प्रदर्शन भरविण्यात आले. चित्रे मुद्दाम वेडीवाकडी टांगून, भिंतींवर टवाळीची वाक्ये लिहून. म्युनिकमध्येच वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. मार्क तर १९१६ मध्येच व्हर्दूनच्या लढाईत जर्मनीसाठी मेला होता. त्याचा ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ तिथे लावलेला पाहून माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघाने तक्रार केली, तेव्हा ते चित्र उतरविण्यात आले. १९४५ पासून त्याचा पत्ता नाही. किर्शनरची ६३९ चित्रे गेली. १९३८ च्या जूनमध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

नोल्डेने मात्र आपण निष्ठावंत आहोत, आपला गैरसमज झाला आहे, अशी पत्रे वर पाठविली. १९४१ मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. युद्धानंतर याच बंदीच्या आधाराने तो छळलेला कलावंत म्हणून प्रसिद्ध झाला. आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीतून जुना विषारी मजकूर गाळला गेला. सीगफ्रीड लेंत्स यांच्या १९६८ च्या ‘जर्मनचा तास’ या कादंबरीतील छळलेला चित्रकार नोल्डेवरूनच घेतलेला आहे, आणि तिने या समजुतीला आणखी बळ दिले. संशोधकांनी कागदपत्रे उघडली आणि २०१९ मध्ये बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ या संग्रहालयात ती चित्रांशेजारी मांडून दाखविली. त्याच वर्षी जर्मनीच्या तेव्हाच्या पंतप्रधान आंगेला मर्केल यांनी आपल्या कचेरीतील नोल्डेची दोन चित्रे परत पाठविली.

आता या चित्रांचे काय करावे? एक सोपे उत्तर : माणूस वाईट, म्हणून चित्रे वाईट. दुसरे सोपे उत्तर : कला वेगळी, माणूस वेगळा. दोन्ही उत्तरे चित्राकडे न पाहता देता येतात, म्हणून दोन्ही मला अपुरी वाटतात. आपण एक चित्र पाहू. नोल्डेने १९१० मध्ये ‘सोन्याच्या वासराभोवती नाच’ काढले. आज ते म्युनिकमध्ये आहे. विषय आपल्या शमोथचा, म्हणजे निर्गमाच्या ३२ व्या अध्यायाचा. अर्धनग्न नर्तकी केस आणि हात उधळीत पुढे झेपावल्या आहेत. पिवळा, तांबडा, जांभळा हे रंग घाईघाईने, जाड थरांत मारलेले. रंग तिथे अंगावर धावून येतात. चित्राचे सारे लक्ष नाचाकडे आहे, वासरू मागे पडले आहे. पाहणाऱ्याचे पायदेखील थरकू लागतात. चित्र फार समर्थ आहे, यात शंका नाही. ते नाझी चित्रही नाही. नाझी राजवट तेव्हा तेवीस वर्षे दूर होती.

पण मूळ गोष्ट आठवा. मोशे आणि यहोशुआ पर्वतावरून उतरत आहेत. खालून मोठा गलका ऐकू येतो. यहोशुआला वाटते, छावणीत लढाई जुंपली. मोशे सांगतो, हा ना जिंकणाऱ्यांचा आवाज, ना हरणाऱ्यांचा. हा गाण्याचा आवाज आहे. म्हणजे गलका इतका मोठा होता, तरी लांबून कळेना की तो कशासाठी आहे. जवळ जाऊन वासरू पाहावे लागले तेव्हा कळले. आणि त्या नाचणाऱ्या लोकांचा आनंद काही खोटा नव्हता. त्यांनी अंगावरचे सोने काढून दिले होते. त्यांची भावना अगदी खरी होती. अडचण भावनेच्या खरेपणात नव्हती, ती कोणापुढे वाहिली यात होती.

रंगाचेही असेच आहे, हे मला सांगायचे आहे. रंग भावनेला जोर देतो, दिशा देत नाही. नोल्डेचे रंग डोळ्याला खिळवतात. ते काय खिळवीत आहेत याची चौकशी रंग करू शकत नाहीत. याचा पुरावा त्या काळातच आहे. १९३३ मध्ये बर्लिनच्या काही नाझी विद्यार्थ्यांना हीच अभिव्यक्तिवादी चित्रे अस्सल जर्मन कला म्हणून हवी होती. आणि याच चित्रांसाठी झटणाऱ्यांत पहिले कोण? ‘श्टुर्म’ हे नियतकालिक १९१० मध्ये काढणारा आणि पुढे त्याच नावाची गॅलरी चालविणारा हेरवार्थ वाल्डेन. तो यहुदी होता. श्मिट-रॉटलुफची कला प्रथम ओळखणारी हॅम्बुर्गची विदुषी रोझा शापिरे. तीही यहुदी, आणि १९३९ मध्ये तिला लंडनला पळावे लागले. तोच तांबडा, तोच पिवळा, भक्त दोन्हीकडचे. रंगांनी त्यांच्यात निवड केली नाही. ती त्या त्या माणसाने केली.

मग भावनेला दिशा कोठून मिळते? नोल्डेच्याच काळातल्या आणि त्याच बर्लिनमधल्या दुसऱ्या एका चित्रकाराकडे पाहिले तर काही उलगडा होतो. याकोब श्टाइनहार्ट १८८७ मध्ये पोझेन प्रांतातील झेर्कोव या लहान गावी जन्मला. १९१२ मध्ये लुडविग माइडनर आणि यांथूर यांच्यासह त्याने एक छोटा गट काढला आणि ‘श्टुर्म’च्या गॅलरीत प्रदर्शन भरविले. त्या वेळची त्याची तैलचित्रे, संदेष्ट्यांची आणि कोसळत्या नगरांची, मला थोडी ओरडणारी वाटतात. सारे एकाच पट्टीत वर चढलेले. मग पहिले महायुद्ध आले आणि शिपाई म्हणून तो लिथुआनियात गेला. तिथल्या यहुदी वस्त्यांतील गरीब, धार्मिक माणसे त्याने पाहिली. तेव्हापासून त्याच्या चित्रांत दुसऱ्याचा चेहरा आला. वाकलेला म्हातारा, अरुंद गल्ली, दिव्याखालची प्रार्थना.

त्याचे खरे बळ लाकडी ठशांत आहे. १९२३ ची त्याची पेसाहची हग्गादा अशा ठशांनीच सजलेली आहे. लाकडाची फळी कोरायची, शाई लावायची, कागद दाबायचा. कोरलेले ते पांढरे, राहिलेले ते काळे. इथे ओतण्यासारखे काही नाही. हात घसरला तर पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक रेघेआधी थांबावे लागते. १९३३ मध्ये तो इथे आला, यरुशलायीममध्ये त्याने चित्रशाळा काढली, पुढे १९५४ ते १९५७ या काळात तो बेझालेल या कलाशाळेचा संचालक होता. १९५३ मध्ये त्याने योना संदेष्ट्याच्या पुस्तकासाठीही ठसे केले. रंग जवळजवळ गेले, तरी भावना कमी झाली नाही, उलट वाढली. यावरून मला वाटते, अभिव्यक्तिवादाचे सत्त्व केवळ भडक रंगात नाही. समोरच्या माणसाकडे किती वेळ पाहिले, यात ते आहे.

त्याच छळामुळे या कलेचा एक धागा आपल्या मुंबईलाही पोहोचला. १९३३ मध्ये आलेले रुडॉल्फ फॉन लायडन, १९३८ मध्ये यहुदी पत्नीसह आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंजर या तिघांनी टीका लिहून, शिकवून, चित्रे विकत घेऊन तरुण चित्रकारांना हात दिला. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यातील कित्येकांनी अभिव्यक्तिवादाची ओळख याच मंडळींच्या घरी, त्यांच्या पुस्तकांतून करून घेतली. आरा हे तर घरगडी म्हणून काम केलेले गृहस्थ. त्यांची चित्रे लायडन यांनी उचलून धरली. ज्यांना जर्मनीने टाकले, त्यांनी आपल्याकडे येऊन दुसऱ्याच्या हातातले रंग ओळखले.

ज्यांना निसटता आले नाही त्यांतील एकीचे नाव शार्लोट सालोमोन. बर्लिनची, १९१७ ची. १९३९ मध्ये ती दक्षिण फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे गेली. तिथे तिला कळले की आपल्या आईने, मावशीने आत्महत्या केली होती. मग आजीनेही तेच केले. १९४० ते १९४२ च्या दरम्यान तिने आपल्या आयुष्याची चित्रमाला काढली. ‘जीवन की नाटक?’ असे तिचे नाव. तिच्यात गुवाश रंगांची ७६९ पाने आहेत, आणि ती आज ॲमस्टरडॅमच्या यहुदी संग्रहालयात आहेत. सारी पाने तिने तांबडा, पिवळा आणि निळा या तीनच रंगांतून, पांढऱ्याच्या मदतीने घडविली. सुरुवातीची पाने बारकाव्यांनी भरलेली. शेवटी शेवटी ब्रश धावतो, माणसे चार फटकाऱ्यांची होतात. पण एवढ्या दुःखातही तिने स्वतःला ‘मी’ म्हटले नाही. आपल्या माणसांना बदललेली नावे दिली, स्वतःलाही एक पात्र केले आणि ‘ती’ म्हणून पाहिले. नोल्डे आयुष्यभर आपला घाव कुरवाळीत राहिला. या मुलीने आपला घाव हातभर लांब धरून त्याच्याकडे पाहिले. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती आउशविट्झमध्ये मारली गेली. तेव्हा ती गरोदर होती. माझ्या दृष्टीने त्या परंपरेतील भावनेचा सर्वांत प्रामाणिक हिशेब या तीन रंगांत आहे.

वाचकहो, यावरून नोल्डेची चित्रे भिंतीवरून काढावीत असे मी म्हणत नाही. ती राहावीत, आणि बाजूला त्याची पत्रेही राहावीत, जशी २०१९ मध्ये ठेवली गेली. अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर प्रथम रंगांना त्यांचे काम करू द्यावे. छाती धडधडली तर धडधडू द्यावी. मग दोन पावले मागे सरून पाहावे की कोणता रंग कोणाच्या शेजारी ठेवल्यामुळे हे झाले. आणि शेवटी विचारावे की एवढ्या जोराने आपल्याला नेले जात आहे ते कोणाकडे. चित्रात आपल्याखेरीज दुसरे कोणी आहे की नाही. मार्कच्या चित्रात ते मुके जनावर आहे, श्टाइनहार्टच्या ठशात गल्लीतला म्हातारा आहे, शार्लोटच्या पानांत तिचे सारे घर आहे. ‘घोडा निळा कसा?’ म्हणून विचारणाऱ्या साध्या माणसाने लाजू नये. त्याने पुढचा प्रश्नही तितक्याच मोकळेपणाने विचारावा.